यूज्ड टू : 'करायचो' का 'सवय आहे'?

नागपूरला एका इंटरव्ह्यूत मी बोलून गेलो, 'आय अ‍ॅम यूज्ड टू हेल्प माय फादर इन द फील्ड', तं समोरच्या मॅडमनं विचारलं, म्हणजे आता करता की आधी करायचे? मले काही सांगताच नाई आलं. आपल्या इकडच्या लय पोरापोरींचा इथंच घोळ होते, म्हणून बारकाईनं सांगून राहिलो.

आधी वाक्यात अ‍ॅम, इज, आर, वॉज आहे का ते पाहा. नसलं तं अर्थ 'आधी करायचो' असा. 'द शकुंतला यूज्ड टू रन बिटवीन मूर्तिजापूर अँड यवतमाळ', म्हणजे शकुंतला रेल्वेगाडी आधी धावायची, आता बंद आहे. 'आता तसं नाई' हे बहुतेक वेळा त्यातच येऊन जाते. पुढं क्रियापद साधं, रन, गो, प्ले. मराठीत मनात 'जायचो, खेळायचो, यायची' आलं की बिनधास्त हेच टाका.

अ‍ॅम-इज असलं तं मात्र सवय. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते तरी आपण म्हणतो ना, उन्हाची सवय आहे, ते 'आय अ‍ॅम यूज्ड टू द हीट'. आता काम करायची सवय म्हणायची असंन तं 'आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग इन द सन', वर्क नाई, वर्किंग. काऊन? तं इथला टू म्हणजे आपल्या 'उन्हाची सवय, कामाची सवय' मधला 'ची' समजा, त्याले नाम लागते, आणि वर्किंग म्हणजे 'काम करणं', नामच झालं. सवय नवीन लागत असंन तं अ‍ॅमच्या जागी गेट.

रोजची आत्ताची गोष्ट सांगाले 'आय यूज टू गो' म्हणू नका, ते चूकच आहे, 'आय यूज्वली गो' म्हणा. किती वेळा गेलो ते मोजून सांगायचं असलं, समजा अमरावतीले तीनदा, तं नुसतं वेंट.

बोलताना 'यूस्टू' म्हणा, स चा उच्चार, 'वापरलं' वाल्या यूज्डसारखा ज़ नाई. डिड आलं की लिहिताना शेवटचा डी काढायचा, 'डिड यू यूज टू प्ले कबड्डी?', कानाले फरक कळत नाई पण पेपरात मार्क जाते.

मी अजूनही निंदण, फवारणीले बाबांसोबत जातो, तं त्या दिवशी माह्यं बरोबर उत्तर होतं, 'आय हेल्प माय फादर, अँड आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग लाँग अवर्स.'