वेळेचा फायरवॉल नियम चालत नसेल, तर आधी घड्याळ बघा

लॅबमध्ये सकाळी ९ ते संध्याकाळी ५ असा नियम टाकला, पण तो दुपारी अडीचला सुरू होऊन रात्री साडेदहाला बंद होतो? नियमात खोट नाही. सिस्को कंपनीचं राउटर-फायरवॉल उपकरण मुळात यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं, आपण साडेपाच तास पुढे.

१. उपकरणावर 'शो क्लॉक' ही कमांड द्या. वेळेआधी फुली (*) दिसली तर ती वेळ भरवशाची नाही. खानापूर-निपाणीकडे करंट गेला की बॅटरी नसलेल्या जुन्या राउटरचं घड्याळ पार मागे जातं, मग ही फुली हमखास दिसते.

२. आधी 'क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०' (भारतीय वेळ), मगच 'क्लॉक सेट' (घड्याळ लावणं). उलट केलंत तर लावलेली वेळ पुन्हा साडेपाच तास सरकते. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ आपोआप जुळवणारी सोय) जोडता आलं तर उत्तमच.

३. 'शो टाइम-रेंज' मध्ये नियमाची वेळ ॲक्टिव्ह की इनॲक्टिव्ह ते पाहा. ॲक्टिव्ह असूनही 'शो ॲक्सेस-लिस्ट' (नियमांची यादी) मधला हिट काउंट, म्हणजे नियम किती वेळा लागू झाला तो आकडा, हलत नसेल, तर बहुधा यादीतली वरची एखादी ओळ ट्रॅफिक आधीच पकडतेय.

रात्री १० ते सकाळी ६ हवं असेल तर टाइम-रेंजमध्ये दोन ओळी लिहा: २२:०० ते २३:५९ आणि ००:०० ते ५:५९. शेवटचं मिनिट धरलं जातं, म्हणून ५:५९.

एएसएवर (सिस्कोच्या फायरवॉलवर) मात्र जपून. वेळ संपल्यावर नियम बंद व्हायला साधारण दीड मिनिट लागतं, आणि आधीपासून चालू असलेली कनेक्शनं तशीच राहतात. चाचणी घेताना ती तोडायला 'क्लिअर कॉन' द्या, पण ही कमांड लॅबमध्येच; ऑफिसच्या फायरवॉलवर दिलीत तर सगळ्यांची कनेक्शनं तुटतील.