शेल्फ रिकामं का आहे, हे आधी ओळखा

ब्रिटनमध्ये शिकताना दुकानात माल भरण्याचं काम धरणार असाल, तर आधी तासांचं बघा. स्टुडंट व्हिसावर पदवी किंवा त्यापुढचा अभ्यासक्रम करणाऱ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार धरतात आणि सरासरी चालत नाही. या आठवड्यात 22 आणि पुढच्या आठवड्यात 18, हा नियमभंगच.

माल चाकांच्या जाळीदार केजमधून येतो. गोठवलेला आणि थंड माल आधी लावायचा. तो बाहेर 20 मिनिटांपेक्षा जास्त राहू नये, असा बऱ्याच दुकानांचा नियम असतो. जुना माल पुढे ओढून नवा मागे ठेवायचा, पण हे तारीख वाचून करा. उशिरा आलेल्या खोक्यावर कधीकधी आधी संपणारी तारीख असते. ‘यूज बाय’, म्हणजे सुरक्षित वापराची शेवटची तारीख, उलटलेला पदार्थ विकणं गुन्हा आहे. ‘बेस्ट बिफोर’ फक्त दर्जाबद्दल सांगते. खोकं उघडताना कटरचं पातं खोल घालू नका, वरची पाकिटं चिरली जातात.

खरी गोम रिकाम्या जागेत आहे. संगणक म्हणतो 6 नग आहेत, शेल्फवर एकही नाही. म्हणजे चोरी झाली, फुटलेला माल नोंदवला नाही, गाडीतूनच कमी आला, किंवा खोकं स्टॉकरूममध्ये भलत्याच केजखाली दबलंय. यंत्रणेच्या लेखी माल शिल्लक असल्याने नवी ऑर्डर जातच नाही आणि ती जागा आठवडेच्या आठवडे रिकामी राहते. म्हणून रोज रिकाम्या जागा स्कॅन करायच्या, स्टॉकरूम शोधायची आणि तरीही माल मिळाला नाही तर संगणकावरचा साठा शून्य करून घ्यायचा. शेजारचा माल पसरून जागा झाकू नका. दिसायला छान दिसतं, पण चूक गाडली जाते.

ही झाली रोजची पोकळी. दुसरी पोकळी वेगळी असते. ठरावीक कंपन्यांचा माल एकदम थांबतो, केज निम्मे येतात आणि वरूनच आदेश येतो की आहे तेच पसरून लावा. इथे दोष तुमच्या स्कॅनिंगचा नसतो. पुरवठादार माल उधारीवर देतात आणि ती बुडू नये म्हणून विमा काढतात. विमा कंपनीला दुकानाचे हिशेब खटकले की ती संरक्षण काढून घेते. मग पुरवठादार आगाऊ पैसे मागतो, ते नसतात, शेल्फ ओस पडतं, गिऱ्हाईक दुसरीकडे जातं आणि उरलेली रोकडही आटते. 2008 मध्ये वूलवर्थ्स आणि 2023 मध्ये विल्को या ब्रिटनमधल्या दुकानसाखळ्यांच्या बाबतीत हेच घडलं. वूलवर्थ्सची 800 हून अधिक दुकानं जानेवारी 2009 पर्यंत बंद झाली. विल्कोची सुमारे 400 ऑक्टोबर 2023 पर्यंत.

ऑनलाइन खरेदीने हे केलं, असं सरसकट म्हणतात. ते अर्धंच खरं. किरकोळ विक्रीचा चौथ्या भागाहून अधिक हिस्सा आता ऑनलाइन आहे हे खरंच, पण लांब मुदतीचे भाडेकरार आणि बिझनेस रेट्स हा कर विक्री घटली म्हणून कमी होत नाहीत. इंग्लंडमध्ये दुकानांचं भाडं परंपरेने 25 मार्च, 24 जून, 29 सप्टेंबर आणि 25 डिसेंबरला देय असतं. डळमळीत दुकानांची कसोटी याच तारखांना लागते.

अशी लक्षणं दिसली तर पगाराच्या स्लिपा आणि रोटाचे, म्हणजे कामाच्या पाळ्यांच्या वेळापत्रकाचे, फोटो स्वतःकडे ठेवा. दुकान बुडालं तर थकलेला पगार जास्तीत जास्त 8 आठवड्यांपर्यंत, ठरलेल्या कमाल मर्यादेत, सरकारच्या रिडंडन्सी पेमेंट्स सर्व्हिसकडे मागता येतो. नोकरी गेल्याची भरपाई मात्र 2 वर्षं सलग काम केलेल्यांनाच मिळते, त्यामुळे विद्यार्थ्यांनी तिचा हिशेब धरू नये. रोटा फक्त अ‍ॅपवर असेल तर आजच स्क्रीनशॉट काढा. अ‍ॅप बंद पडल्यावर केलेले तास सिद्ध करणं कठीण जातं.