ऑफसेटचं क्रेडिट अडतं कुठे? पुरवठादारांनो, या चुका टाळा

"माल गेला, पैसे खात्यात आले, मग आता हे कसले कागद मागतायत?" रबाळे-महापे पट्ट्यात किंवा वागळे इस्टेटमध्ये संरक्षणाच्या कामाचा विषय निघाला की हा प्रश्न हटकून येतो. ऑर्डर पुरी होऊन वर्ष-दीड वर्ष उलटलेलं असतं आणि अचानक परदेशी कंपनीचा ईमेल येतो: शिपिंग बिलाची प्रत पाठवा, एफआयआरसी (परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला) पाठवा, कच्चा माल कुठून घेतला ते लिहून द्या. मालकाला वाटतं, उगाच छळतायत. खरं तर त्या कंपनीला भारत सरकारला हिशेब द्यायचा असतो आणि तो हिशेब तुमच्या फायलीवर उभा असतो.

सरकार परदेशातून मोठी शस्त्रखरेदी करतं तेव्हा किमतीचा काही हिस्सा काम, गुंतवणूक किंवा तंत्रज्ञान या रूपात भारतात परत आणण्याची अट घालतं. तोच ऑफसेट. त्यातलं जेवढं काम सरकार कंपनीच्या नावावर मान्य करतं, ते तिचं क्रेडिट. आपल्याकडे तो २००५ मध्ये आला. तेव्हा ३०० कोटी रुपयांपुढच्या खरेदीला किमान ३० टक्के अशी अट होती, २०१६ मध्ये ही मर्यादा २,००० कोटींवर नेली. राफेलच्या करारात हा हिस्सा ५० टक्के होता.

आता कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेच्या) सप्टेंबर २०२० च्या अहवालातले आकडे बघा. २००५ ते मार्च २०१८ या काळात ४६ ऑफसेट करार झाले, एकूण ६६,४२७ कोटींचे. त्यातलं १९,२२३ कोटींचं काम डिसेंबर २०१८ पर्यंत व्हायला हवं होतं. कंपन्यांनी दावा केला ११,३९६ कोटींचा आणि मान्य झालं फक्त ५,४५७ कोटींचं. म्हणजे दाव्यापैकी निम्म्याहून जास्त रक्कम एकतर तपासणीत लटकली किंवा फेटाळली गेली. कंपन्यांची टाळाटाळ आहेच, कॅगने तीही नोंदवली आहे. पण दावे लटकण्याच्या काही जागा आपल्या टेबलावर असतात, आणि त्या आपल्याला सुधारता येतात.

बिलाची रक्कम म्हणजे क्रेडिट नव्हे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. सरकार बिल मोजत नाही, भारतात झालेलं मूल्यवर्धन मोजतं. विक्रीच्या किमतीतून आयात केलेल्या मालाची किंमत वजा होते, परदेशात दिलेली फी आणि रॉयल्टीही वजा होते. उरतं तेवढंच मोजणीला धरतात.

उदाहरण घेऊ. महाप्याच्या एका युनिटने अ‍ॅल्युमिनियमचे ब्रॅकेट करून १० कोटींचं बिल केलं. विमानाच्या दर्जाचं अ‍ॅल्युमिनियम बाहेरून आणलं, ६ कोटींचं. डिझाइनच्या वापरापोटी ५० लाख रॉयल्टी गेली. मूल्यवर्धन उरलं साडेतीन कोटी. २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योगाच्या कामाला दीडचा गुणक मिळतो, म्हणजे मूल्यवर्धनाला दीडने गुणतात, म्हणून क्रेडिट झालं सव्वापाच कोटी. परदेशी कंपनीने मात्र आपल्या तक्त्यात १० गुणिले दीड असं करून १५ कोटी मांडलेले असतात. तफावत पावणेदहा कोटींची. त्या वर्षाचं बंधन तेवढ्याने अपुरं राहिलं, तर ५ टक्क्यांनी ४८ लाख ७५ हजारांचा दंड बसतो, आणि न झालेलं काम पुढच्या वर्षांच्या डोक्यावर जातं ते वेगळंच.

आणि हा दंड तुमच्यापर्यंत पोहोचू शकतो. पुरवठा करारात "दावा नामंजूर झाल्यास नुकसानभरपाई" अशा अर्थाचं कलम आहे का, ते सही करण्याआधी शोधा. असलं तर भरपाईवर कमाल मर्यादा लिहून घ्या.

यातच आणखी एक गफलत होते. युनिट म्हणतं, "आम्ही काहीच आयात केलं नाही, भिवंडीच्या व्यापाऱ्याकडून माल घेतला." बिल भिवंडीचं असलं तरी धातू परदेशातून आलेला असू शकतो, आणि तपासणी करणारा नेमकं तेच विचारतो. म्हणून खरेदीच्या वेळीच मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या. त्यावर उत्पादकाचं नाव आणि हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या ओतणीचा क्रमांक असतो. तो हीट नंबर जॉब कार्डवर उतरवून ठेवला, तर दोन वर्षांनीही कोणता तुकडा कुठल्या मालाचा हे दाखवता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण वेळेवर न केल्यास नंतर कितीही धावपळ केली तरी जुळत नाही.

तारखा

पर्चेस ऑर्डरची तारीख मुख्य कराराच्या, म्हणजे सरकारच्या शस्त्रखरेदी कराराच्या, आधीची असेल तर ते काम साधारणपणे ऑफसेटमध्ये धरत नाहीत. आधीच मान्यता घेऊन क्रेडिट साठवून ठेवण्याची सोय वेगळी. तर्क साधा आहे: जे काम तसंही तुमच्याकडे येणार होतं, ते या खरेदीमुळे आलं असं कसं म्हणायचं? कॅनडात हा निकष धोरणातच लिहिलेला आहे. तिथे कंपनीला दाखवावं लागतं की हे काम त्या खरेदीच्या बंधनामुळेच देशात आलं, आणि मोजणी कॅनडात झालेल्या प्रत्यक्ष मूल्यावर होते. आपल्याकडे जुन्या रेट कॉन्ट्रॅक्टवर नवी रिलीज काढून काम चालवण्याची सवय आहे. ऑफसेटचं काम असेल तर ते करू नका, नवी ऑर्डर मागा आणि तिच्यावर मुख्य कराराचा संदर्भ घालून घ्या.

कोणत्या वर्षाचा नियम लागू, हेही विचारा. २०२० च्या संरक्षण खरेदी प्रक्रियेत सरकार-ते-सरकार आणि एकाच विक्रेत्याच्या खरेदीतून ऑफसेट काढून टाकला. त्यावरून "ऑफसेट बंद झाला" असं सांगणारे बरेच भेटतात. जुन्या करारांची बंधनं त्यामुळे संपलेली नाहीत, ती आपापल्या काळच्या नियमांनी चालतात. गुणकही त्याच नियमांतून ठरतो.

भागीदार कोण?

दावा ज्या भारतीय भागीदाराच्या नावाने मंजूर आहे, काम त्याच्याच नावाने दिसायला हवं. ऐरोलीच्या कंपनीला मिळालेलं काम मालकाने आपल्याच तळोज्याच्या दुसऱ्या फर्ममधून करून दिलं आणि बिलही तिथूनच काढलं, की साखळी तुटते. भागीदार बदलायला संरक्षण उत्पादन विभागाची मंजुरी लागते. परदेशी कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याने फोनवर दिलेला होकार म्हणजे ती मंजुरी नव्हे.

दीडचा गुणक हवा तर उद्यम नोंदणीचा (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग असल्याचा) दाखला चालू आहे का, तेही पाहा. १ एप्रिल २०२५ पासून मध्यम उद्योगाची मर्यादा गुंतवणुकीला १२५ कोटी आणि उलाढालीला ५०० कोटी झाली आहे.

कागद एकमेकांशी बोलले पाहिजेत

ऑर्डर, इनव्हॉइस, शिपिंग बिल, बँकेचा दाखला. चारही कागद असतात, पण जुळत नाहीत. न्हावा शेवाला सीएचएने (कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटने) शिपिंग बिलावर मालाचं वर्णन "अ‍ॅल्युमिनियम पार्ट्स" एवढंच टाकलेलं असतं, ऑर्डरवर मात्र पार्ट नंबर असतो. बँकेत तीन इनव्हॉइसचे पैसे एकरकमी येतात, त्यातून बँक चार्जेस कापलेले असतात, आणि कोणती रक्कम कोणत्या इनव्हॉइसची हे लिहिलेलं नसतं. प्रत्येक इनव्हॉइसमागे एक ओळ, त्या ओळीत चारही कागदांचे नंबर, असा साधा एक्सेल तक्ता माल निघाला त्याच आठवड्यात भरा. पार्ट नंबर शिपिंग बिलावर यायला हवा, हे सीएचएला लेखी कळवा.

मोजणीतच एक चूक आहे

हे सगळं सांभाळूनही एक गोष्ट सलते. आपली मोजणी रुपयांत होते, आणि रुपयांत मोजलं की सोपं काम जिंकतं. कॅगला बहुतेक ऑफसेट थेट खरेदीतून भागवलेला दिसला, थेट परकीय गुंतवणुकीचा वाटा जेमतेम साडेतीन टक्के होता, आणि उच्च तंत्रज्ञान भारतीय उद्योगाला दिल्याचं एकही प्रकरण सापडलं नाही. राफेलच्या विक्रेत्यांनी आपल्या बंधनाचा ३० टक्के भाग डीआरडीओला (सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेला) तंत्रज्ञान देऊन भागवण्याचा प्रस्ताव दिला होता. डीआरडीओला लढाऊ विमानाच्या कावेरी इंजिनासाठी मदत हवी होती, पण अहवाल येईपर्यंत विक्रेत्याने तिची हमी दिलेली नव्हती.

डीआरडीओला दिलेल्या तंत्रज्ञानाला २०१२ च्या तत्त्वांत तीनपर्यंत गुणक ठेवला होता. तरीही हे घडलं, कारण गुणक वाढवल्याने कागदावरचं क्रेडिट वाढतं, हातातलं कौशल्य नाही. दक्षिण आफ्रिकेने १९९९ च्या शस्त्रखरेदीत ६५,००० रोजगारांचं आश्वासन लोकांपुढे ठेवलं होतं, आणि त्या आकड्यावरून तिथे पुढे वर्षानुवर्षं वाद चालला. माझं स्पष्ट मत आहे की तंत्रज्ञानाचं क्रेडिट टप्प्याटप्प्याने द्यावं: ड्रॉइंग मिळाली, माणसं शिकून आली, पहिला नमुना तपासणीत पास झाला, आणि शेवटचा मोठा हिस्सा भारतीय युनिटने परदेशी मदतीशिवाय पहिला लॉट काढल्यावरच.

तोवर तुमच्या पातळीवर एवढं मागता येतं. परदेशी कंपनी ऑर्डर देताना प्रोसेस शीट, फिक्स्चरची ड्रॉइंग आणि तपासणीची पद्धत देणार का, आणि काम संपल्यावर ती तुमच्याकडे राहणार का, हे ऑर्डरमध्ये लिहून घ्या. वाटाघाटीत दर थोडा सोडावा लागला तरी चालेल, हे कलम सोडू नका.