लिनक्स झोपत नसेल तर: डीएसडीटी तक्त्याची दुरुस्ती

सुटे भाग जोडून तयार केलेला संगणक लिनक्समधून निद्रावस्थेत पाठवला की क्षणात पुन्हा जागा होतो, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा मदरबोर्डच्या एसीपीआय तक्त्यांत, म्हणजे हार्डवेअर आणि वीजव्यवस्थापन यांची माहिती ऑपरेटिंग सिस्टिमला देणाऱ्या तक्त्यांत असते. मात्र तक्त्याला हात लावण्यापूर्वी प्रॉक या, कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) स्थिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फाइलप्रणालीतील एसीपीआय विभागातली वेकअप ही फाइल उघडून पाहावी. तीत संगणकाला जागे करू शकणाऱ्या उपकरणांची यादी असते आणि संशयित उपकरणाचे नाव रूट अधिकाराने त्याच फाइलमध्ये लिहिले की त्याची चालू असलेली ती मुभा बंद होते. एवढ्याने काम भागले, तर हीच आज्ञा दर सुरुवातीला चालेल अशी व्यवस्था करून थांबावे. पुढचा खटाटोप हौसेखातर करण्यासारखा नाही.

भागले नाही, तर एसीपीआयडंप या साधनाने सर्व तक्ते बायनरी स्वरूपात काढावेत आणि आयएएसएल या एसीपीआय कंपाइलरने त्यांतला डीएसडीटी हा मुख्य तक्ता वाचता येईल अशा मजकुरात उलगडावा. उलगडताना एसएसडीटी (पूरक तक्त्यांच्या) फाइलीही सोबत द्याव्यात, कारण त्या नसल्यास त्यांतील मेथडना (कार्यांना) किती आर्ग्युमेंट (निविष्टी) लागतात याचा आयएएसएलला अंदाज बांधावा लागतो आणि मुळात नसलेल्या चुका दिसू लागतात. मिळालेला मजकूर काहीही न बदलता एकदा कंपाइल करून पाहावा, म्हणजे फर्मवेअरच्या (मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरच्या) जुन्या चुका कोणत्या आणि आपल्या कोणत्या, हे वेगळे कळते.

आता संबंधित उपकरणाखालील पीआरडब्ल्यू, म्हणजे जागे करण्याच्या क्षमतेची नोंद शोधावी. त्यातील पहिली संख्या घटनेचा क्रमांक असते, तर ज्या सर्वांत खोल निद्रेतून ते उपकरण संगणकाला उठवू शकते तिचा क्रमांक दुसरी संख्या सांगते. तिथे ४ असेल, तर ० करावा, म्हणजे ते उपकरण संगणकाला निद्रेतून उठवू शकणार नाही. फाइलच्या आरंभी डेफिनिशन ब्लॉकमध्ये शेवटी असणारा ओईएम रिव्हिजन (तक्त्याचा आवृत्ती क्रमांक) एकने वाढवायलाही विसरू नये, अन्यथा कर्नल नवा तक्ता मुकाट्याने बाजूला ठेवतो.

कंपाइल झालेली एएमएल फाइल कर्नल, फर्मवेअर, एसीपीआय अशा एकात एक फोल्डरांत ठेवून, न्यूसी प्रकारचे आणि कॉम्प्रेस न केलेले सीपीआयओ संग्रह (अनेक फाइली एकत्र बांधणारी फाइल) बनवावे. ते मुख्य इनिटआरडीच्या, म्हणजे सुरुवातीला मेमरीत चढवल्या जाणाऱ्या तात्पुरत्या फाइलप्रणालीच्या आधी वाचले गेले पाहिजे. ग्रब या बूटलोडरमध्ये त्यासाठी ‘अर्ली इनिटआरडी’ची स्वतंत्र नोंद आहे. संगणक सुरूच झाला नाही, तर ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबून इनिटआरडीच्या ओळीतून या संग्रहाचे नाव खोडता येते.

कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या डीमेसेजमध्ये ‘टेबल अपग्रेड’ची ओळ दिसली नाही, तर आधी सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेले सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) तपासावे, कारण त्यामुळे कर्नल लॉकडाउनमध्ये (बदलांना मज्जाव करणाऱ्या स्थितीत) असल्यास असे तक्ते नाकारले जातात. बायॉस अद्ययावत करण्यापूर्वी मात्र हे संग्रह काढून टाकावे आणि नंतर नव्या तक्त्यावर सारी दुरुस्ती पुन्हा करावी. जुन्या तक्त्यातील मेमरीचे पत्ते नव्या बायॉसशी जुळतीलच असे नाही.