परतीच्या पावसात मिरवेल

कोकणात आश्विनात दुपारपर्यंत चटका आणि संध्याकाळी गडगडाटासह सर. मिरवेल, म्हणजे काळ्या मिरीची वेल, कुजते ती अशाच हवेत. आधी बुंध्याशी साचणारं पाणी काढून द्या. जमिनीवर लोळणारे शेंडे कापा किंवा वर बांधा. मातीतली बुरशी उडणाऱ्या थेंबांबरोबर त्यांच्यावरूनच चढते.

मग १ टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं बुरशीनाशक. अर्ध्या लिटर पाण्यात १० ग्रॅम मोरचूद, दुसऱ्या अर्ध्या लिटरात १० ग्रॅम कळीचा चुना विरवून, गाळून. दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत एकत्र ओता. धातूचं भांडं नकोच. घासलेला लोखंडी खिळा बुडवा, तांबूस झाला तर आणखी चुना घाला. पानं सुकलेली असताना, खालच्या बाजूनेही फवारा. उरलेलं मिश्रण उद्यासाठी ठेवण्यात अर्थ नाही.