रिब्रीदर शिकायला निघालात? आधी कंपनीचा आकडा वाचायला शिका

तारकर्लीत चार सीझन साध्या टाकीवर स्कूबा डायव्हिंग गाईडचं काम करून मी इजिप्तला दहाबमध्ये रिब्रीदरचा, म्हणजे सोडलेला श्वास पुन्हा वापरणाऱ्या डायव्हिंग मशीनचा, कोर्स करायला गेले तेव्हा माझी ठाम समजूत होती की मशीनवर युरोपचा सीई मार्क आहे, ऑक्सिजन मोजणारे तीन सेल आहेत, माहितीपत्रकात स्क्रबर तीन तास चालतो असं लिहिलंय, म्हणजे कंपनीनं सगळं तपासलेलं आहे, आपण फक्त चालवायला शिकायचं. आता नवीन मुलं मला विचारतात "ताई कुठलं मशीन सेफ?" तेव्हा मला तोच काळ आठवतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सोडलेला श्वास पाण्यात न जाता लूपमध्येच, म्हणजे मशीनच्या बंद नळ्यांमध्ये, फिरतो, स्क्रबर नावाच्या डब्यातला सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि शरीरानं जेवढा ऑक्सिजन वापरला तेवढा सोलेनॉइड नावाचा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह परत आत सोडतो. ऑक्सिजन किती आहे हे आपल्या शरीराला कळत नाही, कमी झाला तर माणूस सरळ बेशुद्ध होतो आणि जास्त झाला तर फिट येऊ शकते, त्यामुळे सगळा भरवसा त्या तीन सेलवर.

आता "तीन तास" या आकड्याचं बघा. युरोपात ईएन 14143 नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात स्क्रबर 4 अंश पाण्यात, 40 मीटरवर, मिनिटाला 1.6 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडून, श्वास घेणाऱ्या यंत्रावर तपासतात. ही टेस्ट कडक आहे आणि ती करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण माहितीपत्रकातला आकडा त्याच टेस्टचा आहे का कोमट, उथळ पाण्यातला, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि टेस्टमधला स्क्रबरचा डबा नीट भरलेला असतो. आपण घाईत भरला, ठोकून ठोकून लाइम बसवलं नाही, तर वर मोकळी जागा राहते आणि गॅस तिथूनच वाट काढतो, मग तीन तास तर सोडाच, अर्ध्या तासाचीही खात्री नाही. पाण्यात उतरायच्या आधी पाच मिनिटं लूपवर श्वास घेतला की स्क्रबरचं कळतं असंही सांगतात, त्यावरही विसंबू नका. 2015 साली एक प्रयोग छापून आला होता, त्यात स्क्रबर काढूनच टाकला तरी काही जणांना पाच मिनिटांत काही जाणवलं नाही, अर्धवट निकामी स्क्रबरवर तर बहुतेकांना नाही. ती पाच मिनिटं मी आजही घेते, पण सोलेनॉइड आणि सेल नीट चालतायत का हे बघायला.

सेलचं मात्र माझ्या डोळ्यांसमोर घडलं. कोर्सचा सहावा दिवस, लाइटहाऊसचा किनारा. सकाळी प्युअर ऑक्सिजनवर कॅलिब्रेशन केलं (सेलचा आकडा जुळवून घेतला), तिन्ही सेल छान पास, तारखाही मुदतीतल्या. पाण्यात 6 मीटरवर इन्स्ट्रक्टरनी थांबवलं आणि लूप ऑक्सिजननं फ्लश करायला, म्हणजे आतला गॅस काढून फक्त ऑक्सिजन भरायला लावला. तिथे एकूण प्रेशर 1.6 बार, म्हणजे सेलनी दाखवलेला ऑक्सिजनच्या प्रेशरचा आकडा 1.6 च्या जवळपास यायला हवा. हँडसेटच्या स्क्रीनवर आलं 1.56, 1.24 आणि 1.22. मशीननं दोन जुळणारे खरे धरले आणि 1.56 वाल्या सेलला बाद केलं, म्हणजे जो बरोबर होता तोच खोटा ठरला! बाकीचे दोन थकलेले होते, 1.24 च्या आसपासच अडकले, वर त्यांना जाताच येत नव्हतं. सेटपॉइंट (मशीननं राखायचा ऑक्सिजनचा आकडा) 1.3 ठेवून तसेच खाली गेलो असतो तर मशीनला वाटलं असतं ऑक्सिजन कमी आहे आणि ते घालतच राहिलं असतं. डाइव्ह तिथेच संपवली. संध्याकाळी टेबलावर त्याच दोन सेलना परत ऑक्सिजन दिला तर दोघांनी व्यवस्थित 1.0 दाखवलं, म्हणजे जमिनीवर पास, अजून अंगावर काटा येतो.

ते दोघं एकाच बॅचचे, एकाच दिवशी बसवलेले. "तीन सेल म्हणून सुरक्षित" हा दावा खोटा नाही, पण तिघं वेगवेगळ्या वेळी बिघडतील हे त्यात गृहीत धरलेलं आहे, आणि ते आपणच सांभाळायचं असतं. आणि खोलवर डायल्युएंट (ऑक्सिजनसोबत लूपमध्ये मिसळायचा गॅस) फ्लश करून आकडा जुळला (डायल्युएंट म्हणून साधी हवा वापरली असेल तर 30 मीटरवर 0.84) तरी समाधान मानू नका, तो आकडा 1 च्या खालचा आहे, सेल वर अडकतोय का ते त्यात दिसत नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक सेलवर मार्करनं तारीख लिहिते, तिघं एकदम बदलत नाही, आणि वहीत सेलचे मिलिव्होल्ट टिपते. हवेत 10 मिलिव्होल्ट दाखवणाऱ्या सेलनं ऑक्सिजनमध्ये 47-48 दाखवायला हवेत, 42 वर आला तर माझ्यासाठी तो संपला, मुदत काहीही असो. सेकंडहँड मशीन घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी हे दोन आकडे स्वतः मोजा, आणि कंपनीला मेल टाकून स्क्रबरचा आकडा किती खोलीवर, किती अंशात आणि कुठल्या लाइमवर काढला ते लेखी मागा. उत्तर येईपर्यंत मशीन बुक करू नका.