बातमीपत्राची तारीख आणि दृश्याची तारीख

लातूरच्या पाणीटंचाईवरील माहितीपटासाठी स्थानिक केबल वाहिन्यांच्या जुन्या बातम्या गोळा करताना कॅसेट मिळवण्यापेक्षा मला जास्त छळले ते तारखांनी, आणि या कामात नव्याने उतरणाऱ्यांनी ही अडचण आधीच ओळखावी, असे मला कळकळीने वाटते.

केबलच्या बातमीपत्राला रोजचा वेळ भरून काढावा लागे आणि कॅमेरामन एखाद-दुसराच असे. त्यामुळे कोरडे पडलेले धरण, टँकरभोवतीची झुंबड, घागरींची रांग ही दृश्ये एकदा टिपली की पुढच्या उन्हाळ्यांतही तीच लावली जात. २०१६ च्या बातमीतील टँकर २०१३ च्या दुष्काळातला असू शकतो आणि पडद्यावर 'फाईल शॉट' असे लिहिलेले असेलच, असे नाही. कॅसेटवरच्या चिठ्ठीवरही भिस्त ठेवू नका. कॅसेट पुसून पुन्हा वापरली जाई, चिठ्ठी मात्र जुनीच राही.

म्हणून दृश्य थांबवून त्याच्या कडेकोपऱ्यांत काय दिसते ते वाचावे. टँकरवर 'लातूर महानगरपालिका' असे रंगवलेले असेल, तर ते दृश्य २०११ च्या आधीचे नाही, कारण महानगरपालिका त्या वर्षी झाली. 'नगर परिषद' असेल, तर मात्र उलटा निष्कर्ष काढता येत नाही. जुना रंग टँकरवर वर्षानुवर्षे तसाच राहतो. मिरजेहून आलेल्या पाण्याच्या रेल्वेचे दृश्य एप्रिल २०१६ च्या आधीचे असूच शकत नाही. लातूरच्या गाड्यांच्या एमएच २४ क्रमांकपाटीवरील मालिका, भिंतीवरची निवडणुकीची जाहिरात, दुकानाची पाटी यांतूनही अशीच एकेक मर्यादा हाती लागते. एवढे करूनही वर्ष ठरले नाही, तर घाबरू नका. 'वर्ष निश्चित नाही' अशी ओळ देऊन ते दृश्य खुशाल वापरा.

'प्रेक्षकाला कुठे कळतंय' असे सांगणाऱ्या मार्गदर्शकाचे मुळीच ऐकू नये. रांगेत उभ्या असलेल्या बाईला आपली गल्ली आणि आपला नळ बरोबर ओळखू येतो. जुने धूसर चेहरे संगणकाकडून रेखीव करून घेणेही मला मान्य नाही, कारण त्यातून उमटणारा चेहरा त्या माणसाचा राहत नाही.

परवानगी लेखीच घ्या आणि तीत मुदत व प्रदेश स्पष्ट लिहा. ते लिहिले नाहीत, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार मुदत पाच वर्षांची आणि प्रदेश केवळ भारत एवढाच धरला जातो. चित्रीकरण बातमीमागे मानधन घेणाऱ्या वार्ताहराने केले असेल, तर वाहिनीच्या मालकासोबत त्याचीही सही घ्यावी. त्याच भेटीत त्याच्याकडे मूळ, न कापलेल्या कॅसेटची चौकशी करा, कारण बातमीत न घेतलेल्या मागच्या-पुढच्या दृश्यांत तारीख सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते.